मोठी कंपनी की छोटी? आधी टीम बघा, मग पाटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अडीच वर्षांपूर्वी हिंजवडीतल्या एका बड्या आयटी सर्व्हिस कंपनीत लागलात, तेव्हापासून परदेशातल्या एका विमा कंपनीच्या सपोर्ट प्रोजेक्टवर आहात. आता बाणेरमधल्या पस्तीस माणसांच्या, स्वतःचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रॉडक्ट कंपनीनं ४० टक्के हाइक आणि थोडे ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावानं घ्यायचा हक्क) देऊ केलेत. इचलकरंजीला वडिलांचे यंत्रमाग आहेत, पण धंदा मंद आहे आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता तुमच्याच पगारातून जातो. घरचे म्हणतात, नाव असलेली कंपनी सोडू नको. रूमवरचे मित्र म्हणतात, स्विच मार. तर जावं की थांबावं?

दोन्ही प्रकारच्या कंपन्यांत मी बरीच वर्षं काढली आहेत, आणि सध्या पुण्यातच एका मध्यम आकाराच्या कंपनीत टीम सांभाळतो, मुलाखती घेतो. त्यामुळे दोन्हीकडून येणारी मुलं रोज समोर बसतात. तुम्ही विचारलंय मोठी की छोटी, पण मला तुमच्या मजकुरातलं दुसरंच एक वाक्य महत्त्वाचं वाटलं. तुम्ही लिहिलंय की अडीच वर्षांत केलेलं काम दाखवा म्हटलं तर दाखवण्यासारखं फार काही नाही. खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचं उत्तर कंपनीत माणसं किती आहेत यावर ठरत नाही.

मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारतो: तुम्ही केलेला एखादा बदल सांगा, आणि तो प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरात, गेल्यावर पुढे काय झालं ते सांगा. काही जण पंधरा मिनिटं रंगून सांगतात. कोणी वापरलं, कुठं अडलं, कोणाचा फोन आला, दुसऱ्यांदा कसं लिहिलं. काही जण पहिला भाग नीट सांगतात आणि दुसऱ्यावर गप्प होतात, कारण त्यांना ते कधी कळलेलंच नसतं. पहिल्या गटात लाखो माणसांच्या कंपनीतली मुलं भेटतात आणि दुसऱ्या गटात वीस माणसांच्या कंपनीतलीही भेटतात. आपल्या कामाचं पुढे काय झालं हे किती लवकर कळतं, आणि चुकलं तर जवळ बसून सांगणारं कोणी आहे का, या दोन गोष्टींवर पहिल्या पाच-सहा वर्षांतलं शिकणं ठरतं. मी तरी कोणालाही सल्ला देताना याच दोन गोष्टी धरून चालतो.

पण त्याआधी घर. इथं माझं मत चालणार नाही, तुमचे आकडे चालतील. हप्ता, घरी पाठवायचे पैसे, वाकडचं भाडं आणि खाणं धरून सहा महिने पगाराविना निघतील एवढी शिल्लक आहे का? नसेल तर छोट्या कंपनीत जाऊच नका असं मी म्हणणार नाही, पण मग त्या कंपनीच्या तिजोरीची चौकशी तुम्हाला दुप्पट कसोशीनं करावी लागेल. दुसरं म्हणजे आई-वडिलांचा आरोग्य विमा. मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत बऱ्याचदा पालकांना घेता येतं आणि आधीचे आजारही पहिल्या दिवसापासून कव्हर होतात. वडिलांना मधुमेह आहे असं तुम्ही लिहिलंय. वैयक्तिक पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नवीन कंपनीची पॉलिसी पालकांना घेते का, हा प्रश्न एचआरला लेखी विचारा. त्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर ४० टक्क्यांतला काही भाग आजच कमी झाला असं समजा.

आता मोठ्या सर्व्हिस कंपनीचं गणित समजून घ्या, म्हणजे तुमचं काय होतंय ते कळेल. तिथं क्लायंटला माणसामागे बिल लागतं. तुम्ही प्रोजेक्टवर असता तोवर कमाई, प्रोजेक्ट सुटून बेंचवर आलात की खर्च. त्यामुळे क्लायंटला तुमची सवय झाली आणि तिकिटं, म्हणजे त्यांच्या तक्रारी, वेळेत बंद होत असली, की तुम्हाला तिथून हलवण्यात मॅनेजरचा काहीच फायदा नसतो. उलट तुमच्या जागी नवा माणूस तयार करायची डोकेदुखी वाढते. तो वाईट माणूस असतो असं नाही, पण त्याचं अप्रेझल ज्या आकड्यांवर होतं ते आकडे त्याला तुम्हाला तिथंच ठेवायला लावतात. म्हणूनच काम चांगलं करणारी मुलं सपोर्टमध्ये चार-चार वर्षं अडकतात. शिवाय एकाच साच्याची तिकिटं आपोआप सोडवणारी एआय साधनं आता याच कामात सगळ्यात आधी येऊ लागली आहेत, तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणं पूर्वीइतकं स्वस्त राहिलेलं नाही.

तरी मोठ्या ठिकाणी जे शिकायला मिळतं ते मी कमी लेखणार नाही. बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या सिस्टीमचं शनिवारी रात्रीचं रिलीज, म्हणजे नवे बदल चालू सिस्टीमवर चढवणं, ज्यानं जवळून पाहिलंय त्याच्या कामात एक शिस्त येते. आठवडाभर आधी बदलाला मंजुरी घ्यायची. कुठली स्क्रिप्ट कोणत्या क्रमानं चालणार, प्रत्येक पायरीला किती मिनिटं लागणार, किती वाजेपर्यंत मागे फिरता येईल, हे सगळं एका शीटमध्ये लिहिलेलं असतं. मध्यरात्री डेटाबेसवाले, नेटवर्कवाले, क्लायंटचा माणूस, सगळे एकाच कॉलवर. तिसरी पायरी अडकली आणि ठरलेली वेळ उलटली, तर ‘अजून एकदा करून बघतो’ म्हणायची सोय नाही, रोलबॅक करायचा, म्हणजे सगळं पूर्ववत करायचं, आणि पुढच्या शनिवारी परत यायचं. कोणाच्या तरी क्लेमचे पैसे त्या टेबलात आहेत ही जाणीव तिथं अंगी बाणते. छोट्या कंपनीत वाढलेल्या हुशार मुलांकडे नेमकी हीच गोष्ट कमी असते, आणि ती शिकवायला मला वेळ लागतो. तुमच्या प्रोजेक्टवर असं रिलीज होत असेल आणि तुम्ही आजवर फक्त तिकिटंच पाहत असाल, तर नोटीस पिरियड संपायच्या आत एकदा तरी त्या कॉलवर बसा.

ऑनसाइटची, म्हणजे क्लायंटच्या देशात जाऊन काम करायची, आशा हेही लोक थांबण्याचं कारण सांगतात. अमेरिकेच्या एल-१ व्हिसासाठी आधीच्या ३ वर्षांत सलग १ वर्ष त्याच कंपनीच्या अमेरिकेबाहेरच्या शाखेत काम झालेलं लागतं, त्यामुळे तो रस्ता मुख्यतः मोठ्यांकडेच असतो हे खरं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी या दुसऱ्या वर्क व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क आलं, तेव्हापासून जुनी गणितं बदलली आहेत. केवळ या आशेवर दोन वर्षं काढू नका.

छोट्या कंपनीत काय मिळू शकतं त्याचं एकच उदाहरण देतो, पण सविस्तर. समजा ती कंपनी वितरकांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करते. तुम्ही जीएसटी काढायचा कोड लिहिला, रकमा फ्लोटमध्ये (दशांश आकडे अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवल्या आणि बिलाच्या प्रत्येक ओळीवर कर काढून राउंड केला. पुल रिक्वेस्ट टाकलीत, म्हणजे कोड तपासायला पाठवलात. शेजारी बसणारी सीनियर ती उघडते आणि दोन गोष्टी विचारते. पहिली, पैशाला फ्लोट का? पैशांत पूर्णांक ठेव. दुसरी, राउंडिंग ओळीवर की बेरजेवर? मग ती कागदावर मांडून दाखवते: १२ रुपये ७२ पैशांच्या दहा ओळी. ओळीगणिक ९ टक्के सीजीएसटी (जीएसटीतला केंद्राचा वाटा) काढून राउंड केला तर ११ रुपये ४० पैसे होतात, एकूण रकमेवर काढला तर ११ रुपये ४५ पैसे. फरक ५ पैशांचा, पण महिन्याची हजारो बिलं झाली की वितरकाच्या हिशेबनीसाचा ताळा जमत नाही आणि तो फोन आपल्याकडे येतो. ती म्हणते, ग्राहकाच्या सीएला विचार, त्यांना कसं हवंय. तुम्ही दुपारी फोन करता, संध्याकाळी बदलता, दोन दिवसांत तो वितरक ते वापरतो. या एका पुल रिक्वेस्टमधून जे शिकाल ते तुमच्या सपोर्टच्या तिकिटांतून वर्षभरातही शिकायला मिळणं कठीण.

मात्र त्या गोष्टीतली सीनियर काढून टाका आणि पुन्हा वाचा. कोड तसाच मर्ज झाला, फोन तीन महिन्यांनी आला, तुम्ही रात्री बसून कुठंतरी ५ पैसे मिळवून दिलेत आणि पुढच्या कामाला लागलात. अशा कंपनीत तीन वर्षं काढलेली मुलंही माझ्याकडे येतात. फार मेहनती असतात, सगळ्याला हात लावलेला असतो, पण कशालाच कोणी ‘असं नको’ म्हटलेलं नसतं. छोट्या कंपनीचं सगळ्यात मोठं नुकसान मला पगार बुडण्यापेक्षा हे वाटतं.

शिवाय सगळ्या छोट्या कंपन्या एका जातीच्या नसतात. ग्राहकांच्या पैशांवर आठ-दहा वर्षं सावकाश चाललेली कंपनी वेगळी, गुंतवणूकदारांच्या पैशांवर धावणारी वेगळी. आणि तिसरी म्हणजे नावाला प्रॉडक्ट कंपनी, प्रत्यक्षात दोन-तीन क्लायंटचं कंत्राटी काम करणारी. या तिसरीत गेलात तर आत्ताचाच प्रोजेक्ट कमी सोयींत करायला मिळेल. मुलाखतीत विचारा: तुमच्या प्रॉडक्टला पैसे देणारे ग्राहक किती आणि सगळ्यात मोठ्या ग्राहकाकडून उत्पन्नाचा किती भाग येतो? अर्ध्याहून जास्त एकाकडूनच येत असेल तर ती कंपनी त्या ग्राहकाच्या मर्जीवर उभी आहे.

‘आज छोटी आहे, उद्या मोठी होईल’ हे मात्र कारण म्हणून धरू नका. इन्फोसिस १९८१ साली पुण्यातच सात जणांनी सुरू केली, पर्सिस्टंट १९९० साली इथंच उभी राहिली, हे सगळं खरं आहे. त्याच वर्षांत सुरू होऊन बंद पडलेल्या कंपन्यांची नावं आपल्याला माहीत नसतात, एवढंच.

चौकशी कशी करायची, यावर थोडा वेळ घालवतो, कारण मुलं इथंच आळस करतात. पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या वेबसाइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च आहे. कंपनीचं नोंदणीकृत नाव टाकलं की दर महिन्याला पीएफ कधी भरला आणि किती कर्मचाऱ्यांचा भरला ते दिसतं. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफचा कायदा लागू होतो, म्हणजे पस्तीस जणांच्या कंपनीची नोंद असायलाच हवी. मागचं दीड वर्ष बघा. भरणा दर महिन्याला वेळेवर असेल तर पगारही बहुधा वेळेवर होतोय. आकडा ५२ वरून ३५ वर आला असेल, तर का, ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसरं, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरले की कुठल्याही कंपनीनं दाखल केलेली सार्वजनिक कागदपत्रं पाहता येतात. एओसी-४ या फॉर्मबरोबर ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक असतं. सीए असायची गरज नाही, तीन ओळी शोधा: रेव्हेन्यू फ्रॉम ऑपरेशन्स, एम्प्लॉयी बेनिफिट एक्स्पेन्स आणि कॅश अँड कॅश इक्विव्हलंट्स. उत्पन्नातून पगार निघतायत का, आणि निघत नसतील तर हातातली रोकड किती महिने पुरेल, एवढं कागदावर मांडता येतं. आकडे वर्षभर जुने असतील, म्हणून तोच प्रश्न संस्थापकांना समोर बसून विचारा. सरळ आकडा सांगणारे लोक आहेत, मी भेटलोय. ‘तुम्ही त्याची काळजी करू नका’ असं उत्तर आलं तर मी ती ऑफर घेणार नाही.

तिसरी चौकशी सगळ्यात महत्त्वाची. सही करण्याआधी, ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्या व्यक्तीशी, म्हणजे लीडशी, अर्धा तास मागून घ्या. एचआरशी नाही, संस्थापकांशीही नाही. तुमच्या टीममध्ये कोडचा रिव्ह्यू कोण करतं, मागच्या आठवड्यात रिव्ह्यूमध्ये काय बदलायला लावलंत, रिलीज किती दिवसांनी होतं, मागच्या वेळी सिस्टीम बंद पडली (आउटेज) ती कशामुळे? उत्तरात ठोस प्रसंग आले तर तिथं शिकायला मिळेल. त्याशिवाय गेल्या वर्षभरात कंपनी सोडलेल्या एका माणसाशी बोला. लिंक्डइनवर असा कोणीतरी सापडतोच, आणि नम्रपणे विचारलं तर बहुतेक जण बोलतात.

ऑफर लेटरवरचे ४० टक्के सीटीसीवरचे (कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चावरचे) आहेत की इन-हँड, ते पडताळा. कंपनीचा पीएफचा वाटा आणि व्हेरिएबल पे आत धरून आकडा फुगवता येतो. ईसॉपची आज शून्य किंमत धरा आणि मगच तुलना करा. कायद्यानं पहिलं वर्ष तर त्यातलं काही वेस्ट होतच नाही, म्हणजे तुमच्या हक्काचं होत नाही. पुढं ते शेअरमध्ये बदलून घेताना, त्या दिवशी शेअरची धरलेली वाजवी बाजार किंमत आणि तुम्ही भरलेली किंमत यांतला फरक तुमचं पगाराचं उत्पन्न धरला जातो. १० रुपयांनी मिळालेले १,००० शेअर त्या दिवशी ४०० रुपयांचे धरले, तर ३ लाख ९० हजारांवर कर. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससकट साधारण १ लाख २२ हजार, आणि कंपनी लिस्टेड नसल्यानं शेअर विकून तो भरायची सोय बहुधा नसते. काही मान्यताप्राप्त स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढं ढकलता येतो. तुमची कंपनी त्यात बसते का ते विचारा.

बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायची अट, असेल तर ‘कोर्टात टिकत नाही’ या सल्ल्यावर विसंबू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात ३ वर्षांच्या सेवेची आणि आधी सोडल्यास २ लाखांची अट वैध ठरवली. तो सरकारी बँकेचा मामला होता, प्रत्येक बाँडला तो जसाच्या तसा लागू होईल असं नाही. तरी सही करण्याआधी रक्कम आणि मुदत नीट वाचा.

घरच्यांच्या काळजीबद्दल. मोठ्या कंपनीत नोकरी टिकते, ही त्यांची समजूत त्यांच्या पिढीच्या अनुभवातून आलीय, तिच्यावर चिडू नका. पण जुलै २०२५ मध्ये टीसीएसनंही सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करायचं जाहीर केलं, आणि त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले लोक होते. पंधरा वर्षं एकाच प्रकारचं काम करून चाळिशीत बाहेर पडणाऱ्याला पुढची नोकरी मिळवणं किती जड जातं ते मी समोर पाहतो, आणि मला त्याचा फार त्रास होतो. छोट्या कंपनीतला धोका लवकर येतो, हातात दाखवण्यासारखं काम असेल तर निभावतो. बाबांना हे असंच सांगा, आकड्यांसकट. यंत्रमागाचा धंदा केलेल्या माणसाला रोकड आणि ग्राहक ही भाषा चांगली कळते. त्यांना त्या कंपनीचा ताळेबंदच दाखवा.

तर तुमच्याबद्दल माझं मत: जा, पण तीन अटींवर. लीडशी बोलल्यावर रिव्ह्यू खरोखर होतो याची खात्री पटली पाहिजे, रोकड किमान वर्षभराची पाहिजे, आणि पालकांच्या विम्याची सोय, कंपनीतून किंवा स्वतःच्या खर्चानं, सोडायच्या आधी झाली पाहिजे. पहिली अट पुरी होत नसेल तर ही ऑफर सोडा, पण आहे तिथं तसंच बसू नका. परदेशी बँका आणि सॉफ्टवेअर कंपन्यांची पुण्यात स्वतःची केंद्रं आहेत. तिथं मोठ्या कंपनीची घडी असते आणि बऱ्याच टीमचं स्वतःचं प्रॉडक्टही असतं. अडीच वर्षांच्या अनुभवावर तिथं शिरता येतं, फक्त मुलाखतीची तयारी मनापासून करावी लागते. आणि छोटीत तीन-चार वर्षं काढून पुन्हा मोठीत जायचा रस्ता उघडाच असतो, आमच्याकडे निम्मे लोक तसेच आलेत.

पेपर टाकण्याआधी, म्हणजे राजीनाम्याआधी, ९० दिवसांच्या नोटीसनंतरची जॉइनिंग डेट नव्या कंपनीकडून ईमेलवर घ्या. नोटीसमध्ये केटी नीट द्या, म्हणजे आपलं काम पुढच्या माणसाला समजावून द्या, रिलीव्हिंग लेटर, फॉर्म १६ आणि शेवटच्या तीन पगारपत्रकांच्या प्रती स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवा. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या तुमच्या कायमच्या नंबरवर) ट्रान्स्फर करा: सलग ५ वर्षं व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागतो, आणि ट्रान्स्फर केलात तर आधीची अडीच वर्षं त्या पाचांत मोजली जातात. लीडशी बोलणं झालं की रिव्ह्यूबद्दल त्यांनी काय सांगितलं ते इथंच लिहा, मग ऑफर लेटरमधली कलमं एकेक करून बघू.